काचेकडे पाठ

आमचा हॉरेस जन्मला तेव्हा रडला नाही म्हणे. सुईणीने उलटा धरून दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं, आणि मग ते पुन्हा बंद म्हणून केलं नाही. हे आईचं म्हणणं. मी त्याची थोरली बहीण, थेल्मा. माझं म्हणणं वेगळं आहे. तोंडापेक्षा त्याचे हात जास्त चालायचे. बिस्किटांचे डबे, कोळशाची बादली, परसातलं दार, चॅपलमधला बाक, जे सापडेल ते तो बडवायचा. एकदा प्रवचन चालू असताना त्याने बाकावर असा काही ठेका धरला की पाद्रीबाबांचं बोलणंच त्या तालात जायला लागलं. लोक हसले, वडिलांनी घरी आल्यावर त्याला पट्ट्याने मारलं, आणि दुसऱ्या दिवशी हा पट्ट्यावर ताल धरून बसला.

पंधरा वर्षांचा झाल्यावर तो लोखंडाच्या कारखान्यात, घणाच्या शेडमध्ये लागला. आमच्या ओल्ड हिल गावात मुलगे दुसरीकडे कुठे लागणार? वडील तिथेच होते, काका तिथेच. वाफेचे ते मोठे घण दिवसभर पडत आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात फडताळातल्या बशा किणकिणत. त्याचं कोणाला काही वाटत नसे. बशा मध्येच गप्प झाल्या तर मात्र बायका हातातलं काम टाकून दारात येत.

शेडमध्ये माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलतात. घोड्यांच्या शर्यती, फुटबॉल, मालकाच्या बायकोची टोपी, सगळं काही. मीही साखळीच्या कारखान्यात दोन वर्षं काढली, मलाही येतं. आमच्या चॅपलमध्ये अख्खा बाक गप्पा मारायचा आणि पाद्रीबाबांना वाटायचं, काय शांत मंडळी आहेत.

ह्या बोलण्याची रीत एकच: ज्याच्याशी बोलायचं, त्याच्याकडे तोंड करायचं. पाठ करून बोलायचं ते फक्त एका वेळी. बेंजामिन ऊर्फ बेन हॅकेटचा मुलगा पलीकडच्या शेडमध्ये घणाखाली सापडला, तेव्हा बातमी माणसामाणसातून बेनच्या शेडपर्यंत आली. मुकादम पोचायच्या आत बेनने ती कोणाच्या ओठांवर वाचू नये म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाठी केल्या. बेनने वर पाहिलं. पाठींची रांग दिसली. त्याने सांडशी खाली ठेवली आणि टोपी काढली. मुकादमाला तोंडही उघडावं लागलं नाही. त्या रांगेत आमचा हॉरेसही होता, मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

त्याच शेडमधल्या चौघांनी मिळून ‘पिटबँक’ नावाचा बँड काढला. रेग हिंगली गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा आणि सगळ्यांवर दादागिरी करायचा. डेस्मंड गायचा, आयव्हर बेस वाजवायचा आणि ढोलांवर हॉरेस. घणाच्या तालात वाढलेल्या पोरांनी हळुवार गाणी कशी काढावीत? त्यांनी हार्ड रॉक काढलं. दारूच्या गुत्त्यांतून वाजवत हिंडले. पहिला अल्बम चॅपलच्या शाळेतल्या हॉलमध्ये केला. चौघे एकाच खोलीत, हॉरेसची पाठ आयव्हरच्या स्पीकरच्या खोक्याला टेकलेली, डोळे रेगवर. वाजवला, टेपवर भरला, घरी गेले. तो खपला! मँचेस्टरहून, ग्लासगोहून लोक पत्रं लिहायला लागले. आमच्या आईला ते गाणं म्हणजे कारखान्याला आग लागल्यासारखं वाटायचं, पण चार घरी जाऊन तिनेच रेकॉर्ड दाखवली.

मग कंपनीने दुसरा अल्बम मागितला, लंडनच्या स्टुडिओत. सोबत स्पष्ट सांगितलं की हा पडला तर तिसरा नाही.

मी तेव्हा बेकरीची गाडी चालवायचे. आयव्हरच्या मेहुण्याने बँडची व्हॅन कालव्यात घातली, तेव्हापासून त्यांची नवी व्हॅनही माझ्याकडे आली. बाईमाणूस व्हॅन चालवतं म्हणून पोरं सुरुवातीला खिदळली. पहिल्याच घाटात डेस्मंड खिडकीतून ओकला आणि मी नाही, तेव्हा गप्प बसली.

हॉरेसचं मला त्या हिवाळ्यात कळलं. मी स्वयंपाकघरात आले तर शेगडीवर शिट्टीची किटली किंचाळत होती आणि हा शेजारी कप घेऊन दाराकडे तोंड करून उभा.

“थेल्मे, काय वेळ लावते गं ही उकळायला,” तो म्हणाला.

मी गॅस बंद केला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, किटलीच्या वाफेकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. पांढराफटक पडला.

“रेगला सांगितलंस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही.”

“आता तरी कुठे ऐकतोयस माझं!” मी म्हणाले. मला रागच आला होता. इतके दिवस माझ्या ओठांवरून बोलणं उचलत होता आणि मी बापडी समजत होते की भाऊ शहाणा झाला, बहिणीकडे बघून बोलतो.

तो हसला. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि रडायला लागला. “मला ढोल सोडून दुसरं काय येतं गं? पुन्हा घणाखाली जाऊ? त्यानेच तर खाल्ले कान.” मी त्याच्याजवळ बसले. शब्द दिला. रेगलाच काय, कोणालाच सांगणार नाही म्हणून.

लंडनच्या स्टुडिओत सगळंच गुळगुळीत. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींवर कापूस. हॉरेसला ढोलांसकट एका काचेच्या कोठडीत बसवलं आणि डोक्यावर हेडफोन चढवले. रेगला दूर पडद्याआड, आयव्हरला आणखी कुठे, डेस्मंड तेवढा समोर माइकशी. प्रत्येकाचा आवाज वेगळा भरायचा, म्हणजे नंतर दुरुस्त करता येतो. हे सगळं चालवणारा मिस्टर लॅटिमर दुसऱ्या काचेमागे, बटणांच्या मोठ्या टेबलाशी बसायचा. त्याला आमच्या पोरांशी बोलायचं असेल तर एक बटण दाबायचा. ते दाबलं नाही तर त्याचं बोलणं त्या खोलीतच राही. मी त्याच खोलीत मागच्या सोफ्यावर बसून असायचे. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, आणि ऊठ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

दणदणीत गाणी कशीबशी पार पडली. ती हॉरेसच्या अंगातच भिनलेली होती. अडलं ते शेवटच्या गाण्यावर. त्याचं नाव ‘भोंगा’. कारखान्याचा भोंगा वाजतो, सगळे घण एकदम थांबतात आणि ती शांतता पसरते, त्यावर रेगने ते रचलं होतं. गाण्याच्या ऐन भरात सगळे थांबत, काही क्षण काहीच नाही, आणि मग चौघे एकदम तुटून पडत. घरी सराव करताना रेग समोर असायचा, हॉरेस त्याच्या पायाकडे बघायचा. इथे रेग पडद्याआड. शांततेत मोजायला तो नखाने तारांवर बारीक खरखर करायचा, ती हेडफोनातून सगळ्यांना जायची. सगळ्यांना म्हणजे तिघांना.

हॉरेसची काठी कधी लवकर पडायची, कधी उशिरा. लॅटिमर बटण दाबून म्हणायचा, “पुन्हा.” तो ओरडायचा नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

“काल झोपला नव्हतास का रे?” डेस्मंडने माइकवरूनच टोमणा मारला.

“तुझ्या घोरण्याने कोण झोपेल?” हॉरेस हसत म्हणाला. पण त्याने डेस्मंडच्या ओठांवरून ते उचललं होतं, हे मला दिसत होतं. हसताना त्याचा घाम हनुवटीवरून गळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. लॅटिमरने खुर्ची मागे सारली. बटण न दाबता, काचेकडे तोंड करून, शेजारच्या मदतनिसाला म्हणाला, “हा माणूस संपला. चारला दुसरा ढोलवाला येतोय, मी फोन केलाय. तोवर ह्यांना खेळू दे. ह्याच्या मित्रांना मी जेवणानंतर सांगतो.”

मी काचेपलीकडे पाहिलं. हॉरेस ढोलाचा स्क्रू आवळत होता आणि त्याचे डोळे लॅटिमरच्या तोंडावर होते. हात थांबला. मग त्याने तो स्क्रू पुन्हा आवळला, सावकाश, गरजेपेक्षा जास्त. माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. नको म्हणाला. काही बोलू नकोस.

जेवायच्या सुट्टीत पोरं बाहेरच्या पायऱ्यांवर चीज-कांद्याचे पाव खात बसली. हॉरेसने आपला पाव अर्धा आयव्हरला दिला. मला इतका राग येत होता की तो पाव मी कोणाच्या तरी डोक्यावर आपटला असता, फक्त कोणाच्या ते ठरत नव्हतं. हॉरेसच्या? मी तोंडाला कुलूप लावून त्याच्या शेजारी बसले.

जेवणानंतर हॉरेस काचेच्या कोठडीत जाऊन बसला. लॅटिमरने रेगला आणि डेस्मंडला आमच्या खोलीत बोलावलं आणि सांगून टाकलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मला तुमचा अल्बम वाचवायचाय. तुमचा मित्र कशाने बिघडलाय मला माहीत नाही. पण त्याच्यापायी चौघे बुडाल.”

“तो पितोय,” डेस्मंड म्हणाला. “मी तुला ख्रिसमसपासून सांगतोय रेग, तो चोरून पितोय. हाक मारली तर वळत नाही, विचारलं तर भलतंच उत्तर देतो.”

 रेगने एकदा काचेपलीकडे पाहिलं, आणि वळला. डेस्मंडचा खांदा धरून त्यालाही वळवला. दोघांनी काचेकडे पाठ केली, मान खाली घातली आणि बोलायला लागले.

 लॅटिमरला ते दोन मित्र आपसात बोलताना दिसत होते. मला बेन हॅकेटसमोरची ती पाठींची रांग दिसत होती. आणि ती हॉरेसलाही दिसली.

तो उठला. हेडफोन काढून स्टुलावर ठेवले, कोठडीतून बाहेर आला आणि आमच्या काचेसमोर उभा राहिला. काठीने काचेवर टकटक केली आणि बोलायला लागला. आवाज न काढता.

लॅटिमरने बटण दाबलं. “तुमचं काही ऐकू येत नाहीये. माइकजवळ या.”

हॉरेसने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो त्या दोन पाठींशी बोलत होता. मला शब्द दिल्याचं आठवलं, पण ह्यात मी कसला शब्द मोडत होते? मी सोफ्यावरून उठून काचेपाशी आले. “रेग, तो तुझ्याशी बोलतोय. तोंड कर त्याच्याकडे.”

रेग वळला. त्याचे डोळे लाल होते.

“कोण मेलं माझं?” हॉरेसने ओठांनी विचारलं.

“कोणी नाही.” रेगनेही आवाज काढला नाही.

“मग पाठ का दाखवतोस?”

रेगने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, “चारला दुसरा येतोय. तुझ्या जागी.”

“ते सकाळीच कळलंय मला. ह्या साहेबाने माझ्या तोंडावर सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“तू सांगतोस का बघत होतो.”

लॅटिमर माझ्याकडे वळला. “हे चाललंय काय?”

“भांडतायत,” मी म्हणाले. “गप्प बसा जरा.”

“पितोस म्हणून लपवतोयस ना आमच्यापासून?” रेगने विचारलं. “खरं सांग.”

हॉरेसने काठी काचेच्या कडेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी कान झाकले. “ऐकू येत नाही रे. डावा गेला. उजव्यात नुसते घण पडतात, दिवसरात्र. तुझी ती नखाची खरखर मी एकदाही ऐकलेली नाही.”

डेस्मंडने सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने शिवी हासडली, ती स्वतःलाच. रेग तर काचेला कपाळ टेकून उभा राहिला. मला त्याचा राग आला होता तो तिथेच विरघळला. मग तो लॅटिमरकडे वळला आणि ह्या खेपेला पुरा आवाज काढून म्हणाला, “ढोल बाहेर काढा. आम्ही चौघे एका खोलीत वाजवणार.”

“अशक्य आहे,” लॅटिमर म्हणाला. “ढोलांचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरेल. एकाची चूक झाली तर मला ती वेगळी काढून दुरुस्त करता येणार नाही. सगळं फुकट जाईल.”

“मग चूक करणार नाही.”

“दोन दिवस काय करत होता मग?”

“दोन दिवस आम्ही त्याला भिंतीआड बसवलं होतं.”

लॅटिमरने घड्याळाकडे पाहिलं. “तो माणूस येईपर्यंत. एकदाच वाजवा. नंतर तो बसेल, आणि मी कोणाचं ऐकणार नाही.”

ढोल आम्ही सगळ्यांनी ओढून बाहेर आणले, मीही. गालिचा गुंडाळला, खाली फळ्या लागल्या तेव्हा हॉरेसने बूट काढले. आयव्हरच्या स्पीकरचं खोकं त्याच्या पाठीला लावलं. रेग त्याच्यासमोर इतका जवळ उभा राहिला की गिटारचं टोक झांजेला लागत होतं.

मी सोफ्यावर परतले. ते सुरू करणार इतक्यात दार उघडलं आणि तो दुसरा ढोलवाला आला. लवकर आला होता. नीटनेटका, वयस्क, टाय लावलेला, बगलेत काठ्यांची पिशवी. लॅटिमरने त्याला सोफ्यावर बसायची खूण केली. तो माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, “चहा मिळेल का?”

“नाही,” मी म्हणाले.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

सुरुवातीपासूनच कळत होतं की हे वेगळं आहे. सोफ्याच्या स्प्रिंगा वाजायला लागल्या. हॉरेसच्या अनवाणी टाचा फळ्यांवर घट्ट रोवलेल्या, पाठ खोक्याला, डोळे रेगच्या तोंडावर. शेजारचा माणूस पायाने ताल धरायला लागला. मी देवाला मानत नाही असं आईला सांगून टाकलं होतं, तरी मी त्याचं नाव घेत होते. लॅटिमरने टेबलाची कड धरली होती.

गाणं भरात आलं. भोंगा वाजावा तशी डेस्मंडची ती लांब हाक. आणि सगळे थांबले.

काही नाही. कसलाच आवाज नाही. रेगने तारांना हातही लावला नव्हता. तो नुसते ओठ हलवत होता. एक. हॉरेसच्या काठ्या वर. माझ्या शेजारच्या माणसाचा पाय जमिनीवर टपकन पडला, लवकर, आणि त्याने शरमून माझ्याकडे पाहिलं. दोन. हॉरेसची पापणीही हलली नाही. मला वाटलं, चुकला, वेळ गेली, गेलं सगळं. तीन.

चौघे एकदम तुटून पडले. टेबलावरचा लॅटिमरचा कप बशीत नाचला.

गाणं संपल्यावर लाल दिवा विझेपर्यंत कोणी हललं नाही. मग लॅटिमरने बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि बटण सोडून दिलं. तो उठला, काचेजवळ गेला आणि हॉरेसकडे तोंड करून सावकाश, ओठ मोठे मोठे हलवत म्हणाला, “झालं. हेच ठेवतो.” त्याला ओठांचं बोलणं येत नव्हतं, एखाद्या म्हाताऱ्या बहिऱ्या मावशीशी बोलावं तसं तो बोलला. पण त्याने तोंड केलं, हे मी विसरले नाही. त्या टायवाल्याला मी स्वतः चहा करून दिला.

बाकीची गाणीही त्यांनी तशीच पुन्हा वाजवली. अल्बमचं नाव ठेवलं ‘दुसरी पाळी’. तो पहिल्याहून जास्त खपला. तिसराही निघाला, पण त्यावर हॉरेस नाही. उजवा कान पुरता गेल्यावर त्याने स्वतःच काठ्या रेगच्या हातात दिल्या. ओल्ड हिलच्या गुत्त्यात, तोंडासमोर उभं राहून सांगितलं. रेग त्याला पुष्कळ शिव्या देत होता, आणि हॉरेस एकेक वाचून हसत होता.

आता तो भाजीचा वाफा लावतो. कांदे चांगले येतात, कोबी कधीच नाही. घणाची शेडही बंद पडली, फडताळातल्या बशा गप्प आहेत. अधूनमधून कोणी गिटारवाला पोरगा घर शोधत येतो आणि विचारतो, ‘भोंगा’मधल्या त्या शांततेनंतर तुम्ही चौघे नेमके एकत्र कसे तुटून पडलात, मोजायचं कोण? हॉरेस म्हणतो, “सवय.” ढोलांनी कान खाल्ले असं ह्या पोरांना वाटतं. घणांचं तो कोणाला सांगत नाही.

कधी कधी रविवारी जेवणानंतर तो मला रेकॉर्ड लावायला सांगतो. स्वतः स्पीकरच्या खोक्यापुढे खुर्ची ओढून दोन्ही तळवे त्यावर ठेवतो. मी त्याच्यासमोर बसते आणि डेस्मंडचे शब्द ओठांनी म्हणत जाते, म्हणजे त्याला कुठे आलोय ते कळतं. स्वतःचा हा अल्बम त्याने पुरता असा कधी ऐकलाच नाही. हे मनात आलं की मला अजून भरून येतं, आणि मग माझे ओठ चुकतात, आणि तो खेकसतो.

मग ती हाक येते आणि सगळं थांबतं. तेवढ्यापुरतं मला जे ऐकू येतं तेच त्याला येतं. मी ओठ मिटते. तो माझ्याकडे तोंड करून, आवाज न काढता मोजतो. एक, दोन, तीन. त्याचे तळवे खोक्यावर आपटतात, आणि त्याच क्षणी रेकॉर्डवर तो स्वतः वाजायला लागतो.